लावला की आवळला

दाजी, तुमच्या तेराव्याला आलेल्यांनी आपापल्या परीने हळहळ व्यक्त केली, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हळहळीत एक वाक्य ठरलेलं होतं. शेवटी शेवटी विसरायला लागले होते ना? ताई मान हलवायची. म्हणायची, हो ना, दोन वर्षं झाली. तिच्या शेजारी पाण्याचा जग घेऊन मी उभा होतो, मीही मान हलवत होतो. तुमच्या फॅक्टरीतल्या एका जुन्या सोबत्याला तर मी आपणहून सांगितलं, की आम्ही सांभाळून घ्यायचो त्यांना. सांभाळून घ्यायचो म्हणे! माझी जीभ झडली कशी नाही, देव जाणे.

तुम्ही काहीही विसरत नव्हतात. हे जगात एकट्या मला माहीत होतं. तुम्हालासुद्धा माहीत नव्हतं, आणि ते माझ्यामुळे.

बंगळूरला परत जाताना तुमची पल्लवी मला सांगून गेली, मामा, बाबांबद्दल चार ओळी लिही, फोटोबरोबर सगळ्यांना पाठवू. मी बसलोही लिहायला. ‘अत्यंत मनमिळाऊ स्वभावाचे’ एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. तुम्ही मनमिळाऊ वगैरे काही नव्हतात. चांगले खवट होतात. कुणी घरी मिक्सर दुरुस्तीला आणला की आधी त्याला विचारायचात, याच्यात दगड वाटत होतात का? आणि मग तासभर बसून तो नीट करून द्यायचात. असल्या माणसाला मनमिळाऊ म्हणणं म्हणजे त्याच्या माघारी त्याची थट्टा करण्यासारखं आहे. ती मी आधीच पुरेशी केली आहे. म्हणून चार ओळी सोडल्या आणि हे लिहायला घेतलं.

मी बारावी होऊन श्रीगोंद्याकडच्या आमच्या गावातून इंजिनिअरिंगला पुण्यात आलो, तेव्हा तुम्ही मला खडकीच्या घरात चार वर्षं ठेवून घेतलंत. दीड खोली, त्यात तुम्ही, ताई, लहानगी पल्लवी आणि बायकोचा हा एवढा थोराड भाऊ. पुढच्या खोलीत माझी गादी असायची. पहिल्या पाळीला जायला तुम्ही साडेपाचला उठायचात, आणि चार वर्षांत एकदाही तुम्ही त्या खोलीतला दिवा लावला नाहीत. अंधारात चाचपडत बूट शोधायचात. एकदा माझ्या पायाला अडखळून दारावर आपटलात. मी दचकून उठलो तर म्हणालात, झोप, झोप, काही नाही. कपाळाला टेंगूळ घेऊन कामावर गेलात. मी झोपलो. तेव्हापासून माझी तीच सवय आहे बहुतेक, लागलं तुम्हाला की झोपायचं मी.

तुमची शाळा मात्र कडक होती. घरात पंखा उतरवला, नळ बदलला, सायकलचं चाक काढलं, तरी बोलायचं ते फॅक्टरीच्या भाषेत. बोल्ट बोटांनी फिरवून जागेवर बसवला तर तो ‘लावला’. पान्याने शेवटचा जोर देऊन घट्ट केला तर तो ‘आवळला’. तुमच्याकडे एका पाळीचा माणूस लावून जायचा, दुसऱ्या पाळीचा येऊन आवळायचा. तिथे चुकीचा शब्द म्हणजे नुसती चूक नव्हे, कुणाच्या तरी जिवाशी खेळ. ‘झालं’ या शब्दाला तर बंदीच होती. मी म्हटलं ‘झालं’, की तुमचा प्रश्न यायचाच, झालं म्हणजे काय झालं? मी म्हणायचो, अहो दाजी, कामाशी काम, शब्दात काय आहे. यावर आपलं कधी एकमत झालं नाही. मी नोकरीला लागलो, वाघोलीत फ्लॅट घेतला, माझ्या हाताखाली आठ माणसं आली, तरी तुम्ही विचारायचात, तुमच्या कंपनीत झालं म्हणजे काय झालं ते कुणाला माहीत असतं का रे? मी हसायचो. खरं तर नसतंच माहीत.

आता गाडीचं. ते तुम्हाला ठाऊक आहे, म्हणजे ठाऊक आहे असं तुम्हाला वाटत होतं. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या पार्किंगच्या फरशीवर रोज सकाळी गाडीखाली हिरवट पाणी सांडलेलं दिसायला लागलं. मी फोटो काढून तुम्हाला पाठवला. तुमचं उत्तर एका शब्दाचं होतं, ‘पंप’. इंजिन तापू नये म्हणून आत पाणी खेळवणारा पंप, तो गळत होता. सर्व्हिस सेंटरवाल्याने आठवड्यानंतरची तारीख दिली. तुम्ही म्हणालात, एवढ्यासाठी तिकडे कशाला नेतोस, शनिवारी येतो मी. मेघा म्हणाली, घरी नकोत हे उद्योग. बायकोच्या शब्दाला त्या दिवशी मी मान दिला असता तर आज हे लिहायला लागलं नसतं. पण मला हौस होती. सोमवारी ऑफिसात सांगायचं होतं, की आपण पंप स्वतः बदलला. मी तिला म्हणालो, दाजी फिटर आहेत, तू काळजीच करू नकोस.

खांद्याला पान्यांची पिशवी लावून तुम्ही खडकीहून बस बदलत आलात. अंथरायला कुठल्याशा भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आणला होतात. सोसायटीचे सेक्रेटरी लगेच खाली उतरले आणि म्हणाले, फरशीवर डाग पडता कामा नयेत. तुम्ही म्हणालात, काळजी नको, पडलेच तर फ्लेक्सवरच्या या साहेबांच्या तोंडावर पडतील, त्यांना सवय असेल. सेक्रेटरींना हसू आवरेना. ती सकाळ फार चांगली होती, दाजी. मी पुढे तिची माती केली म्हणून ती वाईट होती असं नाही.

बॉनेट उघडलं आणि तुम्ही आत बघून नुसता सुस्कारा सोडलात. इंजिन आणि बाजूचा पत्रा यांच्यात जेमतेम हात जाईल एवढी फट. तुमचा पंजा रुंद, तो मनगटाच्या अलीकडेच अडकायचा. म्हणालात, ज्याने हे इथे बसवलं ना, त्याला एकदा इथे हात घालायला लावला पाहिजे. मग माझे हात उलटेपालटे करून बघितलेत आणि म्हणालात, कीबोर्डचे हात आहेत, आज उपयोगी पडतील. मला केवढा अभिमान वाटला. शेहेचाळिसाव्या वर्षी.

गाडी जॅकवर घेतली, शिवाय खाली लाकडी ठोकळाही घातलात, कारण जॅकवर तुमचा विश्वास नव्हता. पुढचं चाक काढलं. पाणी बादलीत सोडलं. मी थेट बेल्ट काढायला निघालो तर तुम्ही हात धरलात. आधी पुलीचे बोल्ट सैल कर, बेल्ट आहे तोवर तोच पुलीला धरून ठेवतो, नंतर नुसती गरगर फिरेल ती. काढलेला एकेक बोल्ट तुम्ही बिस्किटाच्या पुठ्ठ्याला भोकं पाडून, पंपावर जिथे होता त्याच जागी खोचत गेलात. जुनी गॅस्केट, म्हणजे पाणी झिरपू नये म्हणून पंपामागे घातलेली पातळ पट्टी, चिकटून बसली होती. ती दाढीच्या ब्लेडने खरवडायला तुम्ही पाऊण तास घेतलात. मला दहा मिनिटांत कंटाळा आला. मी म्हटलं, दाजी, चालतंय की एवढं. तुम्ही वर न बघता म्हणालात, चालतं ते तुमच्याकडे.

साडेअकराला माझा कॉल होता. शनिवारी कसला कॉल, तर शुक्रवारी एक काम झालं म्हणून सांगून मी निघून आलो होतो आणि ते झालेलं नव्हतं. म्हणजे त्या दिवशी सकाळपासून मी एक ‘झालं’ निस्तरतच होतो.

नवा पंप जागेवर बसला. तुम्ही पुठ्ठ्यातून एकेक बोल्ट काढून माझ्या हातात देत होतात आणि मी फटीतून हात घालून बोटांनी तो फिरवत होतो. सालपटं निघाली होती हाताची. तुम्ही विचारायचात, लावला? मी म्हणायचो, लावला. मग तुम्ही पाना घेऊन वरचे सगळे आवळलेत, समोरासमोरचे, थोडे थोडे करत, दोन फेऱ्यांत. सगळ्यात खालच्या बोल्टला वरून पाना फिरेना. त्याला चाकाच्या बाजूने गाडीखाली आडवं व्हायला लागणार होतं. तुम्ही आडवे झालात. पाना लावलात. तुमचा खांदा दुखत होता, ते तुमच्या श्वासावरून कळत होतं, आणि मला घड्याळ दिसत होतं. मी म्हणालो, या बाहेर, मी करतो. तुम्ही बाहेर आलात, मी आत गेलो. पाना बोल्टला लागला, अर्धा फेरा फिरवला असेल नसेल, आणि खिशात फोन वाजायला लागला. मी पाना तिथेच टाकून बाहेर आलो.

पंचवीस मिनिटं मी पार्किंगमध्ये येरझाऱ्या घालत इंग्रजीत बोलत होतो. अर्ध्या सोसायटीने बघितलं मला. परत आलो तोवर तुम्ही पुली चढवून बेल्ट ताणला होतात. हात पुसत विचारलंत, खालचा?

“झालं,” मी म्हणालो.

“झालं म्हणजे? लावला की आवळला?”

“अहो दाजी, झालं म्हटलं ना.”

खरं सांगायचं तर मला आठवत नव्हतं. आठवत नाही म्हटलं असतं तर पुन्हा पाठीवर आडवं व्हायला लागलं असतं. दोन मिनिटांचं काम. तुम्ही स्वतः खाली जाऊन बघितलं असतंत, पण मी शेजाऱ्यांदेखत तुमच्यावर खेकसलो होतो, आणि मेहुण्याच्या दारात तुम्ही गप्प बसलात. चाक चढवलं, पाणी भरलं, गाडी सुरू केली. थेंबही गळला नाही. मी तुमच्या पाठीवर थाप मारली. मला वाटतं, तुम्हाला ती आवडली नव्हती.

पुढच्या रविवारी मेघाच्या भाच्याचा साखरपुडा होता. तुम्ही आणि ताई आदल्या दिवशीच आमच्याकडे मुक्कामाला आला होतात. आपण चौघं निघालो, नगर रोडची ती गर्दी, येरवड्यापर्यंत येईतो तापमानाचा काटा लालमध्ये गेला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. मेघा नव्या साडीत दुभाजकाला लागून उभी, ताईच्या हातात अहेराचं ताट. जवळचा एक गॅरेजवाला आला. चाकाच्या बाजूने आडवा झाला, हात आत घातला, आणि खालचा बोल्ट काढून आपल्या चौघांसमोर धरला. म्हणाला, हा नुसत्या बोटाने निघाला, पंप कुणी बसवला?

मेघाने माझ्याकडे बघितलं. ताईने तुमच्याकडे. तुम्ही तो बोल्ट तळहातावर घेतलात, उलटासुलटा केलात, आणि मग अगदी हळू मला विचारलंत.

“हा मी आवळला होता का रे, का तू?”

“तुम्हीच, दाजी. मी तर फोनवर होतो.”

त्या क्षणी माझ्या डोक्यात काय होतं ते लिहितो, लिहायला हात धजत नाही तरी. मला वाटलं, माझं नाव आलं तर मेघा वर्षभर ऐकवेल. तुमचं आलं तर कुणी काही बोलणार नाही. म्हाताऱ्या माणसाला कोण काय बोलतं? हिशेब अगदी बरोबर निघाला. तुम्हाला कुणीच काही बोललं नाही. मेघा म्हणाली, जाऊ द्या हो दाजी, होतं असं. ताईने तुमच्या सदऱ्यावरची धूळ झटकली आणि म्हणाली, आता हे पुरे हं, वय झालं तुमचं. चिडली असती, भांडली असती तर चाललं असतं. तिने तुम्हाला सांभाळून घेतलं.

मेघा आणि ताई दुसऱ्या रिक्षात बसल्या, तुम्ही माझ्या शेजारी होतात. बराच वेळ हाताच्या नखातला काळेपणा कोरत होतात. मग म्हणालात, “पण मला तर तू गाडीखाली गेलेला दिसतोय रे. तुझी निळी चप्पल दिसतीय बाहेर.” माझी चप्पल निळीच होती. तुम्हाला लख्ख आठवत होतं, दाजी, जे घडलं ते जसंच्या तसं आठवत होतं. तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. मी खिडकी नसलेल्या त्या रिक्षातून बाहेर बघत म्हणालो, होतं असं कधी कधी या वयात.

इथे मी तुमचं खरं नुकसान केलं. नुसतं विसरलात असं वाटलं असतं तर तुम्ही स्वतःला चार शिव्या घालून मोकळे झाला असतात. पण न घडलेलं आपल्याला स्पष्ट दिसतं, असं मी तुम्हाला पटवून दिलं. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात आणि स्वतःच्या डोळ्यांवर ठेवला नाहीत. एवढा विश्वास ठेवावा असं मी तुमच्यासाठी कधी काय केलं होतं?

त्यानंतर कुणी मिक्सर घेऊन आला की तुम्ही म्हणायचात, नको बाबा, माझ्या हाताचं आता काही खरं नाही. दगड वाटत होतात का, हेही विचारायचं सोडलंत. ताई तुम्हाला डॉक्टरकडे घेऊन गेली. त्यांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला लावले, आणि म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहे सगळं. ताईला ते पटलं नाही. तिने बोल्ट बघितला होता ना. ती रोज सकाळी चहा देताना विचारायची, आज वार कोणता? आणि तुम्ही सांगायचात. तुम्ही, ज्यांनी आयुष्यभर मोठ्या साहेबालाही उलट उत्तर दिलं, ते कप हातात घेऊन मुकाट्याने वार सांगायचात. गीझर बंद केला की ताईला मोठ्याने सांगायचात, सुमन, गीझर बंद केला हं. गॅस बंद केला हं. कडी लावली हं. मी घरी आलेलो असताना हे ऐकायचो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उठून बाहेर गेलो. पुढे पुढे सवय झाली, हे जास्त वाईट.

सांगायला निघालोच नाही असं नाही. मागच्या भाऊबीजेला ठरवून आलो होतो. ओवाळून झालं आणि ताईने मिक्सर पुढ्यात आणून ठेवला. तू बघ रे, यांच्या हातात नको, म्हणाली. तुमच्यादेखत. मी नाही म्हणायला हवं होतं. मी स्क्रू काढायला बसलो. तुम्ही शेजारच्या खुर्चीतून माझ्याकडून एकेक स्क्रू घेऊन वाटीत ठेवत होतात, माझे मदतनीस असल्यासारखे. काम संपलं, मी झाकण बसवलं आणि सवयीने म्हणालो, झालं. मी थांबलो, दाजी. तुमचा प्रश्न येईल म्हणून थांबलो. तो आला असता तर मी तिथल्या तिथे सगळं ओकलो असतो. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, बरं.

मी ताईच्या हातचे अनारसे खाल्ले आणि घरी आलो.

तुम्हाला आतून कळलं होतं का? या प्रश्नाशी मी गेले पंधरा दिवस खेळतोय. तुम्हाला सगळं ठाऊक होतं, तुम्ही मनाने मोठे, मला माफ करून गप्प राहिलात, असं धरून चालायला मला फार आवडेल. तेवढं धरलं की मला जेवण जाईल, झोप लागेल. पण नव्हतं कळलं. दोन वर्षं कडी तीनतीनदा ओढून बघणाऱ्या माणसाला काही कळलेलं नसतं. तेव्हा हीही सोय मला नको.

परवा सगळे पाहुणे गेल्यावर मी ताईकडे थांबलो. ती तुमचे सदरे घडी करत होती. म्हणाली, एक समाधान आहे बघ, शेवटची दोन वर्षं मी त्यांना एकटं सोडलं नाही, डोळ्यात तेल घालून जपलं. मी म्हणालो, ताई, खाली बस. आणि सांगितलं. पाना, फोन, झालं, बोल्ट, रिक्षा, निळी चप्पल. काही गाळलं नाही.

ती म्हणाली, “पण तू फोनवर होतास ना?”

“फोन नंतर आला, ताई. आधी मी खाली गेलो होतो.”

तिने मला पुन्हा सगळं सांगायला लावलं. पुन्हा सांगितलं. हातातल्या सदऱ्याची घडी तिने मोडली, पुन्हा घातली. मग म्हणाली, “मग मी त्यांना रोज वार विचारायचे, ते?”

मी सांगून मोकळा झालो आणि ओझं तिच्या डोक्यावर ठेवलं, हेही मला तेव्हाच कळलं. मला वाटलं होतं ती मला मारेल, हाकलून देईल. तिने तसं काही केलं नाही. नाक पुसलं आणि म्हणाली, पल्लवीला फोन लाव, माझ्यासमोर सांग तिला, स्पीकरवर टाक.

मी लावला. पल्लवीला वाटलं, मी चार ओळी लिहून झाल्याचं सांगायला फोन केलाय. मी म्हणालो, पल्लवी, तुझे बाबा विसरत नव्हते, आणि मग तिलाही तेच सगळं सांगितलं. तिसऱ्या खेपेलाही ते सोपं झालं नाही. मध्ये मी दोनदा हॅलो म्हणालो तर म्हणाली, ऐकतेय.

माझं संपल्यावर ती म्हणाली, “मामा, त्या साखरपुड्यानंतर बाबांचा मला फोन आला होता. म्हणाले, सुट्टीत आर्याला इकडे आणशील तेव्हा तिला माझ्याकडे एकटीला सोडत जाऊ नकोस. माझा आता भरवसा नाही, रस्त्यात हात सोडेन आणि मला कळणारही नाही. आईला सांगू नकोस म्हणाले, म्हणून नाही सांगितलं.”

आर्या, तुमची एकुलती एक नात. तेव्हा आठ वर्षांची होती. पल्लवी सांगत होती, ती सुट्टीला आली की तुमच्या मागे लागायची, आजोबा, आगगाड्या बघायला स्टेशनवर चला. तुम्ही चप्पल घालून दारापर्यंत यायचात आणि तिथे थांबून म्हणायचात, आजीला घेऊन जा. पोरीला वाटायला लागलं, आजोबांना आपण आवडत नाही. मागच्या मे महिन्यात तिने तुम्हाला विचारलंच नाही.

ताईने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि आत गेली. मी खडकीच्या त्या बाहेरच्या खोलीत बसून राहिलो. घर माझंच असल्यासारखं चार वर्षं जिथे राहिलो, तिथे मला पाय कुठे ठेवावा ते कळेना.

दाजी, तो बोल्ट मी न आवळता सोडला होता. येरवड्याच्या रस्त्यावर तुम्ही विचारलंत, तेव्हा एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर तुम्ही मला सगळ्यांसमोर खवटपणे काहीतरी बोलला असतात, मी मान खाली घातली असती, आणि त्या सुट्टीत तुम्ही आर्याला घेऊन स्टेशनवर गेला असतात. ती आता दहा वर्षांची आहे. आजोबांचं बोट धरून रस्ता ओलांडायचं तिचं वय गेलं. मी घालवलं.